शाई माझ्या हातची

दुरुस्तीला मृदंग आणणारा माणूस आधी तो वाजवून दाखवतो. "बघा काकी, कसा बसलाय आवाज." मी म्हणते, वाजवू नका, खाली ठेवा. ऐकायच्या आधी मला तो बघायचा असतो. डाव्या तोंडावर आवाज जाड करायला थापलेली जुनी कणीक वाळून चिकटलेली असली तर समजायचं, वाजवणारा आळशी आहे. भजन संपलं की पुसूनसुद्धा ठेवत नाही. उजवीकडच्या शाईचा एकाच बाजूला टवका गेलेला असला तर बोट चुकीच्या जागी पडतंय. कडेला बारीक दातांच्या खुणा असल्या तर मृदंग भाताच्या कणगीशेजारी ठेवलेला होता. आमच्याकडचे उंदीर भात खाऊन कंटाळले की कातड्याकडे वळतात. एवढं बघून झालं की मग मी म्हणते, हं, आता वाजवा.

चाळीस-बेचाळीस वर्षं हेच केलं. आता मनगट दुखतं. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, केस विंचरायला सुनेला बोलवावं लागतं. दुपारी आडवी झाले की उठावंसं वाटत नाही. इथल्या शाळेतल्या एक बाई दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागे लागल्या. "बाईमाणूस असून तुम्ही हा धंदा कसा केलात, ते लिहा." मी म्हटलं, धंदा माझ्या नवऱ्यानं केला, मी फक्त शाई लावली. त्या म्हणाल्या, मग तेच लिहा.

ही शाई म्हणजे लिहायची शाई नव्हे. मृदंगाच्या उजव्या तोंडावर मधोमध जो काळा गोल दिसतो, ती शाई. तोंडावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं असतं, त्याला पुडी म्हणतात. नुसती पुडी वाजवली तर भद्द आवाज येतो. तिला सूर येतो तो शाईमुळे. लोखंडाची मऊ काळी भुकटी आणि शिजवलेल्या भाताची खळ एकत्र मळायची, बोटानं पातळ थर द्यायचा आणि गुळगुळीत दगडानं घासत राहायचं, पार वाळेपर्यंत. मग दुसरा थर, पहिल्यापेक्षा जरा लहान. मग तिसरा. असे वीस-पंचवीस थर. घाई करून ओल्यावर थर दिला तर पंधरा दिवसांत खपली निघते. नीट घासली तर तिला केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. त्या पडाव्याच लागतात, त्याशिवाय कातडं मोकळं हलत नाही. नवीन गिऱ्हाईक त्या भेगा बघून भांडायला येतं, "काकी, शाईला तडा गेलाय." त्याला समजवण्यात अर्धा तास जातो.

हे काम आमच्या घरात बायकांचं. पुरुष कातडं ताणणार, पुड्या आवळणाऱ्या वाद्या ओवणार आणि शेवटी त्या वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे हातोडीनं ठोकून सूर लावणार. लोकांना दिसतं ते शेवटचं. ज्याच्या हातात हातोडी, त्याचं नाव. आमच्याकडे नाव नानांचं झालं. नाना म्हणजे माझे मिस्टर. मुरबाडच्या बाजारात मागच्या गल्लीत आमचं दुकान, पुढे नाना, मागे पडद्याआड मी. टोकावड्यापासून धसईपर्यंत लोक म्हणायचे, मृदंग लावावा तो नानानं. सासूबाईंनी मला शाई शिकवली तेव्हाच सांगितलं होतं, "आपलं काम कोण बघत नाय गो, ऐकतात. तेवढ्यावर समाधान मान." मी मानलं. पुष्कळ वर्षं मानलं.

माझं माहेर शेणव्याचं. वडील गावाबाहेरच्या वस्तीत राहायचे, मजुरीला जायचे आणि लग्नसराईत संबळ वाजवायचे. संबळाची दोन तोंडं, एक जाड आवाजाचं, एक बारीक. चुलीशी शेकून ती दोन्ही जुळवताना वडील मला शेजारी बसवायचे. "जुळलं काय गो?" मी मान हलवली की उठायचे. माझा कान तिथे तयार झाला असणार. पण आपल्याला कान आहे हे मला नवऱ्याचे कान जायला लागेपर्यंत कळलं नव्हतं.

ते कळलं एका पावसाळ्यात. गणपती जवळ आलेले, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. ओल्या हवेनं सगळी कातडी सैल पडतात, त्यामुळे श्रावण-भादवा म्हणजे आमची सुगी. नाना एका मृदंगाचा गठ्ठा ठोकत होते. मी आत शाई घासत होते. सूर लागला, मला आतून ऐकू आला. तरी ठोकणं थांबेना. आणखी चार ठोके पडले आणि पुडी उभी फाटली. मी पडदा सारून बघितलं. नाना फाटलेल्या कातड्याकडे बघत बसले होते. म्हणाले, "कातडं हलकं आलंय या खेपेला." कातडं मी तासलं होतं. चांगलं होतं.

डॉक्टर म्हणाले, जन्मभर कानाशी हातोडी, दुसरं काय होणार. त्यांनी कानात घालायचं मशीन दिलं. नाना म्हणायचे, हे घातलं की बाजारातली प्रत्येक गाडी डोक्यातून जाते, पण सूर काय ऐकू येत नाय. महिन्याभरात ते मशीन डब्यात गेलं.

मग मी पडदा काढून टाकला. उकडतं म्हणून काढला, असं शेजाऱ्यांना सांगितलं. नानांच्या समोर, भिंतीला टेकून बसायला लागले. ते गठ्ठा ठोकायचे आणि माझ्या हाताकडे बघायचे. माझा दगड पुडीवर फिरत असेल तोवर ठोकत राहायचं. दगड थांबला की सूर लागला. हे आम्ही बोलून ठरवलं नाही. पहिल्यांदा झालं ते चुकून झालं. सूर लागला म्हणून माझा हात आपोआप थांबला आणि त्यांनी हातोडी खाली ठेवली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पुढचा मृदंग घेतला. गिऱ्हाइकाला दिसायचं ते एवढंच, की नाना वाजवत वाजवत सूर लावतायत आणि मागे त्यांची बायको दगड घासत बसलीय. सात वर्षं हे चाललं. कुणाला काही कळलं नाही.

धसईचे बुवा आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. भजनी मंडळाचे प्रमुख, स्वतः मृदंग वाजवणारे, आवाज असा की बोलले तरी रागावल्यासारखं वाटावं. दुकानात कधी बसायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून मृदंग आत द्यायचे, बाहेरूनच घ्यायचे. चहा विचारला तर म्हणायचे, "आत्ताच झाला." वीस-बावीस वर्षं त्यांचा चहा आत्ताच झालेला असायचा. कारण आम्हाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. कातड्याचं काम करणाऱ्याच्या हातचा चहा नको, मृदंग चालतो. नाना म्हणायचे, जाऊ दे, माणूस सुरातला आहे. आणि तो होता, हे मलाही मान्य करावं लागतं. सूर केसाएवढा उतरलेला असला तरी बुवांची भुवई वर जायची. माझ्याशी मात्र ते एक शब्द बोलले नव्हते.

सातव्या वर्षी चैत्रात माझे वडील गेले. मी शेणव्याला निघाले तेव्हा नानांना हातवारे करून, कागदावर लिहून सांगितलं, दुरुस्ती घ्यायची ती घ्या, पण सूर लावून द्यायचं काम मी आल्यावर. त्यांनी मान हलवली.

मी गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी बुवा आले. त्यांच्या गावात सप्ताह बसणार होता, आठ दिवस सकाळ-संध्याकाळ भजन-कीर्तन. मृदंगाची उजवी पुडी जुनी झाली होती. बुवा म्हणाले, "नवी घाल, लावून ठेव, संध्याकाळी माणूस पाठवतो." हे मला समोरच्या वडेवाल्यानं नंतर सांगितलं. नानांनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांनी बुवांचे ओठ वाचले आणि हो म्हटलं. वीस वर्षं ज्याला नाही म्हटलं नाही, त्याला बायको घरी नाही म्हणून नाही कसं म्हणणार?

मी शाई लावून ठेवलेली एक पुडी फळीवर होती, ती त्यांनी चढवली. वाद्या ओढल्या, गठ्ठे बसवले आणि हाताला जेवढा ताण योग्य वाटला तेवढा दिला. चाळीस वर्षांचा हात होता, फार चुकला नाही. पण थोडा जास्त झाला. सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, कीर्तन रंगात असताना मांडवाच्या पत्र्याखालच्या उष्णतेनं पुडी फाटली. बाहेरगावचे कीर्तनकार होते. ते हसून म्हणाले, "धसईच्या मृदंगाला दुपारची झोप आलेली दिसते." सगळा मांडव हसला. बुवा फाटका मृदंग मांडीवर घेऊन बसून राहिले. मग शेजारच्या गावचा मृदंग मागून आणला.

वडिलांचे दिवस करून मी परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी बुवा आले. बाजाराचा दिवस होता, गल्लीत माणसं. बुवांनी मृदंग उंबऱ्यावर आपटल्यासारखा ठेवला.

"नाना, तुझा हात गेला. सांगायचं होतंस. चार गावांत माझी शोभा केलीस."

नाना खाली मान घालून उभे होते. मीही तिथेच गप्प राहिले असते तर मिटलं असतं. बुवा तासाभरात शांत झाले असते, नवी पुडी घेऊन गेले असते. मला हे तेव्हाही कळत होतं.

मी म्हणाले, "बुवा, हात नाय गेला त्यांचा. कान गेलेत. सात वर्षं झाली. ती सात वर्षं तुमचा मृदंग माझ्या कानानं लागतोय. शाई तर लग्न झाल्यापासून माझीच हाय. वाजवताना कधी कळलं काय तुमाला?"

वडेवाल्यानं झारा तसाच धरून ठेवला होता. बुवांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट बघितलं. मग नानांकडे. फाटका मृदंग उचलला आणि स्टँडकडे चालायला लागले.

नानांना ऐकू येत नव्हतं, पण मी त्यांच्या समोर उभी होते आणि माझे ओठ त्यांना सगळ्यांत चांगले वाचता यायचे. ते आत गेले, हातोडी जागेवर ठेवली, पायात चपला घातल्या आणि घरी निघून गेले. संध्याकाळी एकच वाक्य बोलले. "बाजारात सांगायची काय गरज होती?"

मी स्वतःशी म्हणत राहिले की त्यांच्या हाताला कुणी नाव ठेवू नये म्हणून बोलले. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. वडील गेलेले, मनात काहीतरी उसवलेलं होतं, आणि मला एकदा कुणीतरी म्हणायला हवं होतं की हे माझं आहे. कुणी म्हणेना म्हणून मीच म्हटलं, आणि नवऱ्याची लाज वापरून म्हटलं. इतकी वर्षं झाली, अजून ते मला पचलेलं नाही.

त्यानंतर नाना दुकानात आले नाहीत. घरी ओट्यावर बसून वाद्या कापायचे, माझ्याकडे पाठ करून. पाठ केली की बहिऱ्या माणसाशी बोलता येत नाही. जेवायला ताट वाढलं की जेवायचे. वाद्या कापलेल्या असायच्या, नीट गुंडाळून ठेवलेल्या. त्या मी सकाळी दुकानात न्यायचे. हातोडी आता माझ्या हातात होती. एकटीनं ताणायचं, ओवायचं, ठोकायचं, शाई लावायची. खांदा तेव्हापासून गेला.

गिऱ्हाईकही पातळ झालं. काही मंडळं बाईनं लावलेला मृदंग नको म्हणून गेली. एकानं विटाळाच्या धास्तीनं तोंडावर विचारलं, "सगळे दिवस लावता काय हो तुमी?" त्याचा मृदंग मी तसाच परत दिला. पण खरं सांगायचं तर जास्त गेले ते प्लॅस्टिकच्या पुडीकडे. ती कारखान्यातून तयार येते, नटबोल्टानं आवळायची, पाऊस लागत नाही, उंदीर खात नाही. बेंजो पार्टीवाले तर आता वीज लावून वाजणाऱ्या पाट्याच घेतात. एक जण मला समजवायला लागला, "काकी, हिला सूर लावायला नको, बटण दाबलं की काळी एक, बटण दाबलं की पांढरी चार." काळी एक, पांढरी चार म्हणजे पेटीच्या पट्ट्या, त्यांवरून सूर ठरतो. मी म्हटलं, चांगलंय बाबा. खरंच चांगलं होतं. त्याचा खांदा वाचणार होता.

माघ महिन्यात एक दिवस टोकावड्याचा विलास आला. कंपनीची गाडी चालवणारा मुलगा, त्याच्या लग्नातली ढोलकी आमचीच. त्याच्याबरोबर एक चिनी माणूस होता, चाळिशीचा, सडपातळ. मुरबाडच्या बाहेर नवीन कारखाना उभा राहत होता, तिथली यंत्रं बसवायला हे लोक आले होते. विलास त्याला लिऊसाहेब म्हणायचा. दोघांनी मिळून गाडीतून एक ढोल उतरवला. लाल रंगाचा, पिंपासारखा पोट सुटलेला, गुडघ्याएवढा उंच. वाद्या नाहीत, दोरी नाही, गठ्ठे नाहीत. जाड कातडं आणि त्याच्या कडेनं पितळी डोक्याच्या खिळ्यांच्या दोन रांगा. वरच्या तोंडाला मुठीएवढं भोक पडलेलं.

लिऊसाहेब मोबाईलमध्ये बोलले. मोबाईलमधून एक बाई हिंदीत म्हणाली, "चूहे ने मेरे ढोल का चेहरा खा लिया है."

विलास हसायला लागला. मी म्हटलं, हसतोस काय, आमीपण तोंडच म्हणतो की.

त्यांचं नवीन वर्ष आठ दिवसांवर आलं होतं. कारखान्याचं काम अडलेलं, त्यामुळे यंदा घरी जायला मिळणार नव्हतं. ते आणि आणखी चौघं इथेच भाड्याच्या घरात राहणार. ढोल त्यांच्या वडिलांचा, सामानाच्या पेटीतून आणलेला. वाजवल्याशिवाय वर्ष लागल्यासारखं वाटत नाही, असं काहीतरी ती मोबाईलमधली बाई म्हणाली. मी ढोलावरून हात फिरवला. शाई नाही, म्हणजे मला यातलं काही येत नव्हतं. असलं जाड म्हशीचं कातडं ताणायला हातात जोर हवा आणि ताणाचा अंदाज हवा. तो अंदाज आमच्या घरात एकाच माणसाकडे होता, आणि तो दहा महिने माझ्याकडे पाठ करून बसला होता.

मी विलासला म्हटलं, ढोल घरी घे.

नाना ओट्यावर होते. ढोल समोर ठेवला तेव्हा त्यांनी आधी माणसाकडे बघितलंच नाही. खिळ्यांची रांग बोटानं मोजत गेले. ढोल उलटा केला, धड असलेल्या तोंडावर तळवा टेकवला आणि लिऊसाहेबांना खूण केली, वाजवा. लिऊसाहेबांनी मुठीनं ठोका दिला. नाना तळवा उचलेनात. पुन्हा खूण. पुन्हा ठोका. मग ते मला म्हणाले, "म्हशीचं कातडं लागंल. पाठीकडचं. शहापूरला मिळंल." दहा महिन्यांत माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य होतं.

कातडं आलं. दोन दिवस भिजवलं, तासलं. नानांनी जुने खिळे एकेक करून काढले, एकही वाकू दिला नाही. ओल्या कातड्याच्या कडेला भोकं पाडून बांबूच्या काठ्या ओवल्या, काठ्यांना दोर बांधले, दोर खाली ओंडक्याला आणि मध्ये पाचरी. पाचर ठोकली की कातडं ताणलं जातं. रोज थोडं. चौथ्या दिवशी लिऊसाहेब बघायला आले, कातड्यावर बोट आपटून बघितलं आणि मान हलवली. अजून सैल. त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि सरळ ढोलावर चढून उभे राहिले. टाचांनी कातडं तुडवायला लागले.

मी ओरडले. नाना तर ताडकन उठले. आमच्यात वाद्याला चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतात. विलास दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिला. लिऊसाहेब घाबरून खाली उतरले, मोबाईलवर एक व्हिडिओ काढून दाखवला. त्यांच्या गावाकडचा असावा. एका मोठ्या ढोलावर चार माणसं चढून नाचत होती आणि खाली दोघं पाचरी ठोकत होते. कातडं ताणायची ती त्यांची रीत होती.

नानांनी व्हिडिओ दोनदा बघितला. मग ढोलाकडे बघत विचार केला. म्हणाले, "खिळा बसला नाय तोवर ते कातडंच हाय. वाद्य नाय अजून." आणि धोतर खोचून, विलासच्या खांद्याचा आधार घेऊन, स्वतः वर चढले.

सत्तरीला आलेला माणूस. आधी नुसते उभे राहिले. मग एक टाच उचलून टेकवली, मग दुसरी. लिऊसाहेब खालून पाचर ठोकत होते. नाना टाच मारायचे आणि थांबायचे, डोळे मिटायचे. पुन्हा टाच. मी भिंतीशी उभी होते आणि मला तो आवाज वर वर चढताना ऐकू येत होता. सवयीनं माझा हात दगड धरल्यासारखा फिरत होता. या ढोलाला काळी एक नव्हती, पांढरी चार नव्हती, पण एक जागा अशी येते की कातड्याचा थबथब आवाज जाऊन लाकूड बोलायला लागतं. ती जागा आली. मी काही करायच्या आत नानांनी हात वर केला. "बस. पायाला लागतंय आता."

लिऊसाहेबांनी काठीनं एक ठोका दिला. ओट्यावरची भांडी हलली. त्यांनी डोळे पुसले आणि मोबाईल खिशात ठेवला. नाना ढोलावरून उतरले, जमिनीवर बसले आणि मला म्हणाले, "खिळे दे गो." एकेक खिळा मी देत गेले, ते ठोकत गेले. जुन्याच भोकांच्या रांगेनं.

नवीन वर्षाला लिऊसाहेबांनी आम्हाला बोलावलं होतं. पाच माणसं, एक ढोल, बाहेर अंगणात विलासनं आणलेले फटाके. नाना ढोलाशेजारी खुर्चीवर बसले, एक हात त्याच्या पोटावर ठेवून. चहा आला, आम्ही प्यायलो. साखर नव्हती त्यात. परत येताना गाडीत नाना म्हणाले, "उद्या दुकानाची किल्ली मला दे. तू उशिरा ये, खांदा शेक."

मी माफी मागितली नाही, त्यांनी मागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा ते आपल्या जागेवर बसले होते आणि समोर भिंतीशी माझं पोतं अंथरलेलं होतं.

चैत्र आला. सप्ताहाच्या आधी चार दिवस, सकाळी, बुवा उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. वर्षभरात म्हातारे झाले होते. मधल्या काळात त्यांनी दोन ठिकाणी पुड्या घालून बघितल्या होत्या, हे आमच्या कानावर आलं होतं. माझ्याकडे न बघता ते बाहेरूनच नानांच्या कानाशी वाकले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "नाना! काळी एकला लावून पायजे! सप्ताह हाय!"

नानांनी हातातली वादी खाली ठेवली. त्यांचा चेहरा शांत होता.

"माज्यावर कशाला ओरडताय बुवा? मला ऐकू येत नाय. सूर ती लावते. तिला सांगा." मग म्हणाले, "आनी हळू बोला. तिला येतं ऐकू."

वडेवाल्याकडे दोन माणसं उभी होती, ती हसली. नाना नाही हसले. बुवा सरळ झाले. उपरणं खांद्यावर नीट केलं. उंबरा ओलांडून आत आले आणि मृदंग माझ्या समोर, पोत्याच्या कडेला ठेवला.

"बाई," ते म्हणाले, हळूच म्हणाले, "काळी एक. आज मिळंल काय?"

माझं मनगट सकाळपासून ठणकत होतं. समोर टोकावड्याच्या दोन ढोलक्या होत्या, आदिवासी वाडीतला एक ढोल होता, सगळे बुवांच्या आधी आलेले. मी मृदंग उचलला, उलटासुलटा करून बघितला. डाव्या तोंडावरची कणीक स्वच्छ पुसलेली होती.

"आज नाय," मी म्हटलं. "नंबर लागलेत. बुधवारी या."

बुवा बुधवारी आले.